घोटीच्या वखारीतली यारी

गोरक्षचा पाय मोडला त्या दिवसापासून धोंडीरामशेठच्या वखारीत मोठ्या ओंडक्याला कुणी हात लावेना.

वखार घोटी स्टेशनच्या मालधक्क्याला लागूनच होती. हरसूलकडच्या रानातून सागाचे ओंडके बैलगाड्यांनी यायचे आणि वखारीतून रेल्वेच्या उघड्या डब्यांत चढायचे. चढवायची रीत एकच. डब्याला दोन वासे तिरपे लावायचे, ओंडक्याला दोर टाकायचे, सहा जणांनी वरून ओढायचं आणि सहा जणांनी खालून रेटायचं. भाद्रपदात एक ओंडका अर्ध्यावरून सुटला. खालचे पाच जण बाजूला झाले. सहावा गोरक्ष, हमालांचा मुकादम. त्याने शेजारच्याला ढकलून दिलं आणि तेवढ्यात त्याची स्वतःची उडी हुकली. गुडघ्याखालचं हाड दोन जागी मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं.

वासे, फळ्या, बारीक लाकूड हमाल मुकाट चढवत. मोठ्या ओंडक्याचं नाव काढलं की बिड्या पेटवून बसून राहत. गोरक्ष काठी टेकत पुन्हा कामावर आला तेव्हा शेठनं त्यालाच गळ घातली.

"तू सांगितलंस तर ऐकतील रे."

"ऐकतील. म्हणूनच मी सांगणार नाय," गोरक्ष म्हणाला.

धोंडीरामशेठ काही वाईट माणूस नव्हता. बाप भातशेती करायचा, याने लाकडाचा धंदा उभा केला. गोरक्षचा पाय बरा होईपर्यंत त्याच्या घरी तांदूळ त्यानेच पोचवला होता. पण मुंबईच्या एका कंत्राटदाराने साठ जाड ओंडके मागितले होते, पौषाच्या अखेरीस रेल्वेचे डबे यायचे होते, आणि ओंडके वखारीत तसेच पडून होते. मग त्याला कुणीतरी सांगितलं की नाशिकरोडला रावजीशेठ म्हणून जुन्या यंत्रांचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे हाताने फिरवायची यारी विकायला आहे. चार चाकांवरची. हँडल फिरवलं की साखळी वर जाते, दोन टन वजन उचलते, आणि कुणाला खाली उभं राहावं लागत नाही.

शेठ एकटाच जाऊन बघून आला. आला तो फुलूनच.

"नवीकोरी वाटते गड्या! हिरवागार रंग. माझ्यासमोर ही एवढी लाकडी पेटी उचलून दाखवली त्यांनी. दोन माणसं हँडल फिरवत होती, घाम सुद्धा नाय."

"पेटीत काय होतं?" गोरक्षने विचारलं.

शेठने टोपी काढून डोकं खाजवलं. पेटीत काय होतं ते त्याने विचारलंच नव्हतं.

"हे बघा शेठ," गोरक्ष म्हणाला, "यारी आणा. आम्ही चालवू. पण आधी मासूमाभाबीला ती दाखवा. ती हो म्हणली तर माझी माणसं यारीजवळ उभी राहतील. नाय तर नाय."

"मासूमा? ती विळे-कोयते बनवती ती?"

"तीच."

मासूमाची भट्टी बाजाराच्या मागे होती. घाव ती घालायची आणि भाता तिचा नवरा अन्सार ओढायचा. आठवडी बाजाराला माल घेऊन तोच बसायचा. लोकांनी तिला विळे, कोयते, गाडीच्या चाकांच्या धावा एवढीच कामं द्यायची असं जणू ठरवून टाकलं होतं. पण तिचा बाप लियाकत इगतपुरीच्या रेल्वेच्या शेडमध्ये वीस वर्षं लोखंड तपासत होता. चाकं, आस, साखळ्या. त्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, आणि ती त्याच्यामागे हट्टाने भट्टीवर बसायची. जे तो शेडमध्ये करायचा ते घरी तिला करून दाखवायचा. हमालांच्या दोरांचे आकडे आणि कड्या मासूमाच बनवून देत होती, आणि सात वर्षांत त्यातली एकही तुटली नव्हती. गोरक्षला तेवढं पुरे होतं.

शेठ तिच्या भट्टीवर गेला तेव्हा ती तापलेल्या कोयत्याला धार काढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बघीन मी," ती म्हणाली. "पण माझी एक अट. मी नाय म्हणले तर तुम्ही घ्यायची नाय. मग तुमची गाडी येऊन उभी राहिली तरी."

शेठने अन्सारकडे बघितलं. अन्सार भाता ओढता ओढता म्हणाला, "माझ्याकडं काय बघता शेठ? लोखंडाचं तिला कळतं. मी नुसता वारा घालतो."

*

मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने तिघं निघाले. मासूमाने एका पिशवीत लहान हातोडी, पातळ कानस, दोऱ्याची रिळं, खडूचे तुकडे, खडूची पूड आणि जुन्या सुती चिंध्या घेतल्या होत्या. लहवित स्टेशन मागे गेलं तशी ती बोलायला लागली.

"गोरक्षभाऊ, एक सांगते. मी एकदा चुकले हाय."

"कधी?"

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. एका शेतकऱ्याच्या मोटेची साखळी जोडून दिली. सांधा पुरता तापला नव्हता. मला कळलं होतं, पण संध्याकाळ झाली होती, कंटाळा आला. वरून घासून चकचकीत केला. चौथ्या दिवशी तुटली. मोट विहिरीत गेली. माणूस वाचला, त्याचं नशीब." ती खिडकीबाहेर बघत होती. "तवापासून जे जास्त चकाकतं त्याला मी आधी हात लावते."

गोरक्षने काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

रावजीशेठचं आवार स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. पत्र्याची मोठी शेड, समोर मोकळी जागा, तिच्यात तेलाची इंजिनं, गिरण्यांची चाकं, पाण्याचे पंप. रावजी स्वतः दारात उभा होता. काळा कोट, धोतर, हातात चांदीच्या मुठीची छडी. मधोमध हिरवी यारी उन्हात झळकत होती.

"या, या धोंडीरामशेठ. आणि हे...?"

"हे आमचे मुकादम. आणि ह्या मासूमाबाई. ह्या बघणार यारी."

रावजी हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "बघा की. बघायला काय, जत्रेतसुद्धा बघतात. आमचे मिस्त्री आहेत, काही लागलं तर सांगा."

मिस्त्री म्हणजे वाल्मीक. पन्नाशीचा, खाकी अर्ध्या चड्डीतला, बोटं तेलाने कायमची काळी पडलेली. त्याने मासूमाला नमस्कार केला आणि एका पिंपावर जाऊन बसला.

मासूमाने यारीला लगेच हात लावला नाही. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग आकड्यापाशी थांबली. यारीचा आकडा म्हणजे ज्यात ओझं अडकवायचं तो जाड लोखंडी बाक, माणसाच्या तळहातापेक्षा रुंद. तिने त्याच्या आतल्या वळणावर नख रोवलं. रंगात नख रुतलं.

"शेठ, ह्या आकड्यावरचा रंग मला खरवडायचा हाय."

"अहो बाई, परवाच लावलाय! असा खरवडून कसं चालेल?"

पिंपावरून वाल्मीक म्हणाला, "खरवडू द्या मालक. रंग काय, परत लावता येतो."

रावजीने त्याच्याकडे रोखून बघितलं, पण शेठसमोर नाही कसं म्हणणार? मासूमाने रंग खरवडला. खाली लोखंड साफ दिसत होतं. मग तिने एक डबा मागवला, त्यात घासलेट ओतलं आणि आकडा त्यात बुडवून ठेवला.

"हे कशाला?" धोंडीरामशेठने विचारलं.

"भिजू द्या. तवर साखळी बघू."

साखळी तिने जमिनीवर पोत्यावर पसरली. एकेक कडी दोन बोटांत धरून उचलायची, हातोडीने हलकेच टिचकी मारायची आणि मान तिरपी करून ऐकायचं. टिंग. पुढची. टिंग. पुढची. आवारातली माणसं आपापली कामं सोडून जमली. अर्धा तास गेला. टिंग. टिंग. शेवटची कडीसुद्धा टिंग.

ती उभी राहिली. "साखळी चांगली हाय. एकही कडी फुटकी नाय."

रावजीचा चेहरा उजळला. "मी काय सांगत होतो! बाई, तुमचा कान चांगला आहे हं. चला, चहा मागवतो, कागद करून टाकू."

धोंडीरामशेठचा हात सुटकेने कोटाच्या खिशाकडे गेला. मासूमा मात्र डब्याजवळ जाऊन बसली. तिने आकडा बाहेर काढला, चिंध्यांनी पुसला, कोरड्या चिंधीने पुन्हा पुसला, इतका की बोट लावलं तर बोट कोरडंच राहावं. मग त्यावर खडूची पूड चोळली. काळा आकडा पांढरा झाला.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

सगळे थांबले. चहा आला, सगळ्यांनी प्याला. आकडा पांढराच होता.

"काय निघालं बाई?" रावजीने विचारलं. "आकड्याला ताप आलाय का?"

माणसं हसली. मासूमाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. धोंडीरामशेठ तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मासूमाबाई, झालं असेल तर... गाडीचे डबे यायला पंधरा दिवसच राहिलेत."

"शेठ, रिकाम्या आकड्याला काय कळणार? ओझं घालून बघू द्या." ती रावजीकडे वळली. "यारीच्या पाटीवर दोन टन लिवलंय. दोन टन उचलून दाखवा."

आवाराच्या कोपऱ्यात रस्ता चेपायचा एक जुना बिडाचा रूळ पडला होता. त्याचं वजन त्याच्या अंगावरच ओतलेल्या अक्षरांत होतं, दोन टनाला थोडं कमी. रावजीने क्षणभर विचार केला. सगळं आवार बघत होतं. "दाखवतो की," तो म्हणाला.

पहारींनी रूळ सरकवत यारीखाली आणला. मासूमाने खडूने जमिनीवर मोठा गोल काढला. "ह्याच्या आत कुणी पाय ठेवायचा नाय. कुणीच नाय."

दोघांनी हँडल फिरवलं. साखळी ताणली गेली, यारी करकरली आणि रूळ जमिनीपासून हातभर वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रावजीने छडी उंचावली.

"आता खिटी काढा," मासूमा म्हणाली. खिटी म्हणजे चाक उलटं फिरू नये म्हणून दात्यांत अडकणारा लोखंडी तुकडा. "नुसत्या ब्रेकवर धरा."

खिटी निघाली. रूळ लटकत राहिला. मासूमाने बाजूच्या भिंतीवर रुळाच्या कडेच्या उंचीची खडूची रेघ ओढली आणि मागे येऊन उभी राहिली. रूळ हलत नव्हता, असंच सगळ्यांना दिसत होतं. उन्हात एक माणूस खोकला. मग गोरक्ष म्हणाला, "भाबी, रेघ बघ."

रुळाची कड रेघेखाली चार बोटं उतरली होती. कुणाच्या डोळ्यांना न कळता तो सरकत होता, कणाकणाने.

"ब्रेकचा पट्टा झिजलाय," वाल्मीक म्हणाला. आता तो पिंपावरून उठला होता.

"पट्टा बदलून देऊ!" रावजी म्हणाला. "ते काय, दोन तासांचं काम."

"आणि हे?" मासूमाने बोट दाखवलं.

पांढऱ्या आकड्याच्या आतल्या वळणावर एक रेघ उमटत होती. केसाएवढी बारीक, काळपट. बघता बघता ती लांब झाली, करंगळीएवढी झाली. लोखंडाच्या आत मुरलेलं घासलेट ओझ्याने चीर उघडताच बाहेर येत होतं आणि खडू भिजत होता. मागची माणसं टाचा वर करून बघू लागली.

वाल्मीकने आवाज चढवला. "उतरवा! हळू उतरवा, झटका देऊ नका!"

रूळ जमिनीवर टेकला तेव्हा आवारातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. वाल्मीक गोलाच्या आत गेला, आकडा हातात घेऊन त्याने नखाने ती रेघ चाचपली.

"चीर आहे," तो म्हणाला. "खोल आहे. मालक, मला माहीत नव्हतं. खोटं सांगणार नाही, मी बघितलंच नव्हतं. तुम्ही रंग द्या म्हणालात, मी रंग दिला."

रावजी सावरायला बघत होता. "आकडा बदलू! नवा आकडा, नवा पट्टा. मग तर झालं?"

धोंडीरामशेठने आशेने मासूमाकडे बघितलं. तिने पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. दोऱ्याचं एक टोक वाल्मीकच्या हातात दिलं आणि यारीच्या तिरप्या हाताच्या शेंड्याला धरायला सांगितलं, दुसरं तिने स्वतः बुडाशी ताणून धरलं. दोरा सरळ होता. लोखंडाचा हात सरळ नव्हता. मधोमध दोन बोटांचं अंतर पडलं होतं.

"आकडा उगाच चिरत नाय," ती शेठला म्हणाली. "कुणीतरी हिच्याकडून झेपेना एवढं उचलून घेतलंय. त्यात आकडा चिरला, हात वाकला. अजून कुठं काय झालं असेल ते ह्या रंगाखाली हाय. आकडा बदलाल, पट्टा बदलाल. हाडं कशी बदलाल?"

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर तिचं लक्ष गोरक्षकडे गेलं आणि ती चरकली. पण गोरक्ष मान डोलवत होता.

"बरोबर बोलली," तो म्हणाला. "मोडलं ते मोडलं."

धोंडीरामशेठने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "नको आम्हाला," तो रावजीला म्हणाला. एवढं सरळ 'नाही' तो आयुष्यात कुणाला म्हणाला नसेल.

*

परतीच्या गाडीला अजून तीन तास होते. शेठ एका दगडावर हताश होऊन बसला. मासूमा पाणी प्यायला शेडच्या मागे गेली ती आलीच नाही. गोरक्ष बघायला गेला तर ती बाभळीखाली गुडघ्यांवर बसली होती.

तिथे दुसरी एक यारी होती. नखशिखांत गंजलेली, एक चाक फुटलेलं, हँडल गायब, अंगावर वेल चढलेला. साखळीवर दोन कोंबड्या बसल्या होत्या.

"ही काय आता?" गोरक्ष म्हणाला.

"ऐक," तिने साखळीच्या एका कडीवर हातोडी मारली. गंजाचा पापुद्रा उडाला आणि लोखंड वाजलं. अजून एक. अजून एक. "हिला कुणी रंग दिला नाय. जे हाय ते दिसतं."

वाल्मीक मागून आला होता. "ती भंगारात जायची आहे बाई. देवळालीकडच्या एका जुन्या तेलघाण्यात होती. तेलाची पिंपं उचलायची. पिंपाच्या वर काही उचललं नाही कधी तिने. घाणा बंद पडला, आमच्या मालकांनी उचलून आणली, तेव्हापासून पावसात आहे."

"पिंपं!" मासूमाचे डोळे चमकले. "म्हणजे हिच्यावर कधी भार पडलाच नाय. मिस्त्री, घासलेट आणता?"

वाल्मीकने घासलेट आणलं. आणि कानसही आणली, आणि आपल्या खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून तिच्या शेजारी बसला. दोघांनी मिळून दात्यांतला चिखल काढला. दाते मूळचे होते, एकही जोडलेला नव्हता. दोरा ताणला तर हात सरळ. आकडा भिजवला, पुसला, खडू लावला. आता गोरक्षनेच शेडमधली चार माणसं हाताशी घेतली, हँडलच्या जागी पहार अडकवली आणि पावणेदोन टन वजनाचं इंजिनाचं जुनं चाक वर उचललं. मासूमाने भिंतीवर रेघ ओढली. बिडी पेटवावी आणि विझावी एवढा वेळ सगळे थांबले. मग दुसरी बिडी.

चाक रेघेवरच होतं. आकडा पांढराच राहिला.

आता मासूमाने साखळीच्या कड्या जिथे एकमेकींत घासतात तिथे बोटांनी मापल्या आणि दीड टनाच्या वर ओझं घालायचं नाही असं सांगितलं.

"पाटीवर दोन लिवलंय," धोंडीरामशेठ म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा जीव आला होता.

"पाटी जुनी हाय शेठ. साखळी थोडी झिजलीय. ही दीड टनाची यारी हाय असं समजून घ्या, म्हणजे ती तुम्हाला वीस वर्षं साथ देईल. तुमचा सगळ्यात जाड ओंडका दीड टनाच्या आतच भरतो."

रावजीने ती भंगाराच्या भावाने दिली. देताना छडीने तिला टोचून म्हणाला, "न्या. घोटीत पोचली तर कळवा."

*

पोचली. बैलगाडीवर बांधून स्टेशनात, तिथून मालगाडीने घोटीत, आणि तिथून मासूमाच्या भट्टीसमोर. पुढचे अकरा दिवस घोटीच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. मासूमाने नवं हँडल घडवलं. फुटक्या चाकाला लोखंडी धाव चढवली. ब्रेकचा पट्टा नवा बसवला. अन्सारने साखळीची एकेक कडी घासलेटने धुतली आणि गोरक्षची बायको कुसाबाई धुतलेल्या कड्या चिंधीने पुसत बसली. वाल्मीक मिस्त्री एका रविवारी आपणहून आला, बिनपैशाने दिवसभर दात्यांत ग्रीस भरलं आणि जाताना मासूमाला म्हणाला, "त्या हिरव्या यारीचं मी मालकांना सांगून टाकलंय. आकडा कापून टाकला. कुणाला विकणार नाहीत." मग काळी बोटं चिंधीला पुसत, "मीसुद्धा आता आधी रंग खरवडतो बाई."

यारीला रंग द्यावा की नाही यावर शेठचं आणि मासूमाचं भांडण झालं. शेवटी तेल चोपडायचं ठरलं.

पौषाच्या शेवटच्या आठवड्यात डबे आले. सकाळी नवाच्या सुमाराला मालधक्क्यावर सगळं घोटी लोटलं. भाताचे व्यापारी, बाजारातल्या बाया, स्टेशनातले पोर्टर, शेजारच्या गावांतून आलेले गाडीवान. यारी डब्यासमोर उभी होती, चाकांना दगड लावलेले. हमाल एका रांगेत उभे राहिले. त्यांच्यासमोर सगळ्यात जाड ओंडका होता.

शेठने गोरक्षकडे बघितलं. "कर सुरू."

गोरक्षने हमालांकडे बघितलं. हमाल हलले नाहीत. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "भाबी काय म्हणती?"

मासूमा गर्दीच्या मागे उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत. लोकांनी वाट करून दिली. ती पुढे आली. आकड्याखाली वाकून बघितलं. साखळीवरून हात फिरवला. खिटी दाबून बघितली. ओंडक्याची दोरी दोन्हीकडून ओढून बघितली, एक गाठ सोडायला लावली, पुन्हा बांधून घेतली. मग खडूने जमिनीवर गोल काढला आणि बाहेर आली.

"उचला," ती म्हणाली.

हँडलवर दोन माणसं होती. एका बाजूला गोरक्ष स्वतः उभा राहिला. काठी त्याने कुसाबाईकडे दिली, वाकडा पाय एका दगडाला टेकवला आणि जोर लावला. खिटी दात्यांवरून टकटक करत चालली. साखळी ताठ झाली. ओंडका हलला, एक टोक उचललं, मग दुसरं, आणि मग तो सबंध जमिनीपासून सुटला. हवेत. त्याच्याखाली कुणी नव्हतं. नुसती सावली होती.

सगळे तोंड उघडून बघत होते. ओंडका वर गेला, डब्याच्या कडेच्या वर गेला. अन्सारने आणि एका हमालाने बाजूने धरलेल्या दोऱ्यांनी त्याला हळूच वळवलं, आणि गोरक्षने ब्रेक सोडत सोडत त्याला डब्यात ठेवला. बाळाला पाळण्यात ठेवतात तसा. लाकूड लाकडावर टेकल्याचा दबका आवाज आला.

मग जो गलका झाला! बाजारातल्या बायांनी टाळ्या पिटल्या, गाडीवानांनी मुंडाशी उडवली, स्टेशनातल्या पोर्टरने उगाचच घंटा वाजवली आणि मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या. गोरक्ष हँडलला धरून उभा होता आणि रडत होता, आणि रडत असताना हसत होता. कुसाबाईला काय करावं कळेना, तिने जाऊन मासूमाचे हात धरले. मासूमाचे हात तेलाने माखलेले होते.

"तुझं लुगडं खराब व्हईल कुसाबाई!"

"होऊ दे," कुसाबाई म्हणाली.

साठ ओंडके तीन दिवसांत चढले. पूर्वी तेवढ्याला वीस दिवस लागत आणि दोन-तीन माणसं जखमी होत. या वेळी एकाचं बोटसुद्धा चेपलं नाही. तिन्ही दिवस प्रत्येक सकाळी हमाल थांबून राहत, मासूमा येई, साखळी बघे, आकडा बघे, गोल काढे, आणि ती "उचला" म्हणाली की मगच हँडल फिरे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबईहून कंत्राटदाराचा माणूस माल मोजायला आला. भरलेले डबे आणि धड माणसं बघून तो यारीभोवती फिरला.

"ही जुनी आहे ना? कुठल्या इंजिनिअरने पास केली? आमच्या गोदीत दोन यंत्रं घ्यायची आहेत, फसवणूक लय होते. त्यांचा पत्ता द्या."

धोंडीरामशेठने कोटाची बटणं लावली. असल्या प्रसंगी तो बटणं लावायचा. मग बाजाराच्या दिशेला हात करून म्हणाला, "पत्ता कशाला? चला, मी घेऊन जातो. आमच्या मासूमाबाई हायत त्या. भट्टीवर असतील."

ती भट्टीवरच होती. तिने त्या माणसाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. कोणतं यंत्र, कुठून आलं, आधी काय उचलत होतं, रंग नवा आहे की जुना, असे सात-आठ प्रश्न विचारले. तो उत्तरं देता देता घामाघूम झाला.

"येईन," ती शेवटी म्हणाली. "शुक्रवार सोडून. आणि दोघांचं तिकीट लागंल, भाता ओढणारा माणूस माझ्याबरोबर येतो."

अन्सारने मान वर केली आणि गर्वाने भाता इतक्या जोरात ओढला की ठिणग्या छपरापर्यंत गेल्या.